दुपारचे ऊन, रात्रीचा दिवा आणि मधला ट्रान्सफॉर्मर

सौर पॅनल नवे आहेत, आभाळ निरभ्र आहे, आणि नेमक्या बारा-साडेबारालाच इन्व्हर्टर बंद पडतो. पाच-दहा मिनिटांनी सुरू होतो, थोडा वेळ चालतो, पुन्हा पडतो. घरमालक पॅनल बसवणाऱ्याला बोलावतो, तो जोडण्या तपासतो, त्याला काही सापडत नाही. दोष पॅनलात नसतो आणि इन्व्हर्टरातही नसतो. पडद्यावर ‘ग्रिड ओव्हरव्होल्टेज’, म्हणजे बाहेरच्या वीजजाळ्यावर व्होल्टेज जास्त, असे उमटलेले असते. त्या घराची जादा वीज बाहेर घ्यायला तारेवर जागा उरलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

हिशेब सोपा आहे. गोव्यातल्या कितीतरी वाड्यांवर, म्हणजे गावातल्या वस्त्यांवर, ट्रान्सफॉर्मर रस्त्याकडेला असतो आणि शेवटची घरे माडांच्या आत, चारशे-पाचशे मीटरवर. तिथवर एलटी, म्हणजे कमी दाबाची लाईन जाते. ‘वीझल’ नावाने ओळखली जाणारी ॲल्युमिनियमची तार धरली, तर तिचा रोध किलोमीटरला साधारण ०.९ ओहम. चारशे मीटरची फेज आणि तेवढाच परतीचा न्यूट्रल मिळून पाऊण ओहमच्या आसपास. सिंगल फेजवर ५ किलोवॉट बाहेर सोडले की २१ अँपिअर वाहतात, म्हणजे जवळपास १५ व्होल्टची वाढ. ट्रान्सफॉर्मरपाशी २४० असेल तर त्या घरापाशी २५५. नाममात्र २३० व्होल्टवर दहा टक्के धरले तर मर्यादा २५३ ची. ती ओलांडली की इन्व्हर्टरने थांबायचे, हा नियम आहे आणि तो बरोबर आहे. हे एका घराचे झाले. शेजारच्यानेही त्याच फेजवर पॅनल बसवले की दोघेही दुपारी आळीपाळीने बंद पडू लागतात.

यावर स्वस्त उपाय आहेत आणि ते आधी करायला हवेत. वाड्यावरची सगळी सौर कनेक्शने एकाच फेजवर पडली आहेत का, हे पाहायला एका लाईनमनला एक दुपार आणि तारेला चिमट्यासारखा लावून प्रवाह मोजणारा एक क्लॅम्प मीटर पुरतो. घरे तीन फेजांवर सारखी वाटली की न्यूट्रलमधला प्रवाह जवळजवळ नाहीसा होतो आणि व्होल्टेजची वाढ निम्म्याच्याही खाली येते. दुसरा उपाय ट्रान्सफॉर्मरचा टॅप, म्हणजे व्होल्टेज ठरावीक पायऱ्यांनी वर-खाली करण्याची सोय. एक पायरी म्हणजे अडीच टक्के, सहा व्होल्ट. पण साध्या वितरण ट्रान्सफॉर्मरचा टॅप पुरवठा बंद करूनच बदलावा लागतो, रोज सकाळ-संध्याकाळ तो फिरवता येत नाही. दुपारच्या उन्हासाठी टॅप खाली आणला, तर रात्री आठला, सगळ्या घरांत पंखे, फ्रीज, टीव्ही आणि एखाददुसरा एसी चालू असताना, शेवटच्या घरातला पंखा मंदावतो. दुपारी व्होल्टेज जास्त आणि रात्री कमी, तेही त्याच तारेवर, त्याच घरात. इथेच सगळा प्रश्न सापडतो.

गोव्याने आजवर सौरऊर्जेकडे छपरांची संख्या म्हणून पाहिले. माझे म्हणणे असे की छपरांचे काम आता मार्गी लागले आहे आणि पुढचा सार्वजनिक पैसा ट्रान्सफॉर्मरखाली गेला पाहिजे. वाड्याच्या ट्रान्सफॉर्मरशेजारी शंभर-दीडशे युनिटची सामायिक बॅटरी बसवायची, दुपारी भरायची, संध्याकाळी सात ते अकरा रिकामी करायची. हे तंत्र नवे आहे, महाग आहे आणि चुकीचे बसवले तर धोक्याचेही आहे, म्हणून ते तपशिलात बोलणे भाग आहे.

छपरांना मदत कमी नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० रुपये असे ७८,००० रुपयांपर्यंत केंद्राचे अनुदान मिळते. वीस घरांनी तीन-तीन किलोवॉट बसवले तर १५ लाख ६० हजार रुपये एका वाड्यावर खर्च होतात आणि ६० किलोवॉटची पॅनले उभी राहतात. आता १०० केव्हीए क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर आणि साठ घरे धरा. दुपारी बारा ते तीन घरांत फारसे कोणी नसते, घरटी ३०० वॉट धरले तर सगळा वाडा १८ किलोवॉट ओढतो. पॅनले पन्नासच्या आसपास देत असतात. उरलेले ३० किलोवॉट उलट्या दिशेने चढतात. सात वाजता पॅनले शून्यावर येतात आणि वाडा पूर्वी ओढत होता तितकीच वीज पुन्हा बाहेरून ओढतो.

पूर्वीइतकीच, या शब्दावर थांबायला हवे. गोव्याच्या हद्दीत म्हणावी अशी वीजनिर्मिती नाही. कोर्बा, विंध्याचल अशा दूरच्या केंद्रीय औष्णिक प्रकल्पांतला वाटा उच्चदाबाच्या तारांवरून येतो. २०२० मध्ये मोलेच्या जंगलासाठी गोवा रस्त्यावर उतरला, तेव्हा रेल्वेचे दुपदरीकरण आणि महामार्गाचे रुंदीकरण यांच्या जोडीला तिसरा विषय ४०० केव्हीच्या, म्हणजे चार लाख व्होल्टच्या, वीजवाहिनीचाच होता. तेव्हा ‘छपरांवर पॅनले लावा, लाईन कशाला?’ असे पुष्कळांनी म्हटले. भावना अगदी योग्य होती, पण वीजवाहिनीचा आकार वर्षाच्या एकूण युनिटांवरून ठरत नाही. वर्षातल्या सर्वांत जड तासावरून ठरतो, आणि गोव्यातल्या घरांचा आणि हॉटेलांचा जड तास सूर्य मावळल्यावर येतो. साठवण नसलेली हजारो छपरे मिळूनही त्या तासातला एक मेगावॉट कमी करत नाहीत. जंगलाची कळकळ असणाऱ्यांनी बॅटरीची मागणी करायला हवी ती याच कारणासाठी. पुढची लाईन कागदावर येण्याआधी संध्याकाळची मागणी उतरलेली दिसली, तरच तिच्याविरुद्धचा युक्तिवाद उभा राहील.

आता बॅटरीच पाहू. आज या कामाला लिथियम आयर्न फॉस्फेट ही जात योग्य. ती मोबाइलमधल्या बॅटरीपेक्षा जड असते, पण उष्णता जास्त सोसते आणि आयुष्याने लांब. मोठ्या साठवणीत वापरला जाणारा ३१४ अँपिअर-तासांचा एक सेल ३.२ व्होल्टचा असतो. गुणाकार केला की एका सेलमध्ये जवळजवळ बरोबर एक युनिट मावते. वजन साडेपाच किलोच्या आसपास. पूर्ण भरणे आणि पूर्ण रिकामे करणे दोन्ही टाळायचे म्हणून शंभर युनिट हाताशी हवे असतील तर ११५ ते १२० सेल घ्यावे लागतात. त्यांच्या जोडीला ५० किलोवॉटचा दोन्ही दिशांनी चालणारा इन्व्हर्टर. सगळे मिळून दोन मोठ्या कपाटांत बसते. दुपारी २५ किलोवॉटने चार तास भरले तर जाता-येताच्या नुकसानीनंतर संध्याकाळी ८५ युनिटच्या आसपास परत मिळतात. साठ घरांना सात ते अकरापर्यंत घरटी दीड युनिटपेक्षा थोडे कमी. एसी सोडला तर बाकी सगळ्याचा मोठा भाग त्यात भागतो, आणि ट्रान्सफॉर्मरपाशी दुपारी चढलेले व्होल्टेजही आपोआप खाली येते, कारण जादा वीज ट्रान्सफॉर्मरमधून वर न चढता शेजारच्या कपाटात जाते. फक्त एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बॅटरी ट्रान्सफॉर्मरपाशी असली तर चारशे मीटरवरच्या घराची तारेतली वाढ ती पुसत नाही. ती वाढ फेजवाटपानेच जाते. शक्य असेल तिथे बॅटरी लाईनच्या मध्यावर, पाणवठ्यापासून उंच जागेवर बसवावी.

किमतीचा अंदाज घेऊ. ब्लूमबर्ग एनईएफच्या २०२४ च्या पाहणीत लिथियम बॅटरी पॅकची जागतिक सरासरी युनिटमागे ११५ डॉलर होती. २०१० मध्ये हा आकडा हजाराच्या वर होता. १२० युनिटचे पॅक म्हणजे १३,८०० डॉलर, डॉलर ८५ रुपयांना धरला तर पावणेबारा लाख. इन्व्हर्टर, कपाट, चौथरा, संरक्षण, वाहतूक आणि कर धरून ही रक्कम दुपटीवर गेली तरी नवल नाही. लहान संख्येत घेतली तर आणखी वर. पण वीस छपरांच्या अनुदानाशेजारी हा आकडा ठेवला की तो आवाक्याबाहेरचा वाटत नाही. मोठ्या साठवणीसाठी केंद्राने सप्टेंबर २०२३ मध्ये भांडवली खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत तूट भरून देणारी योजना मंजूर केली. दिल्लीत रोहिणीला १० मेगावॉटची बॅटरी २०१९ पासून आहे. गुजरातेत मोढेऱ्याला २०२२ मध्ये ६ मेगावॉटचा सौरप्रकल्प, तेराशेहून अधिक छपरे आणि १५ मेगावॉट-तासांची बॅटरी एकत्र उभी केली गेली. म्हणजे देशात हे काम अनोळखी राहिलेले नाही.

‘पावसात काय?’ हा गोव्यातला पहिला आणि रास्त प्रश्न. जुलैत पॅनले एप्रिलच्या निम्म्यावर येतात, कधी त्याखालीही. छपरावरचा पैसा ते दोन-अडीच महिने अर्धा झोपलेला असतो. ट्रान्सफॉर्मरखालची बॅटरी मात्र तेव्हाही कामाची, कारण तिला वाड्याच्याच उन्हाची अट नाही. गोव्यात धो धो पाऊस असताना राजस्थानात ऊन असते आणि पश्चिम भारतात पवनचक्क्यांचा हंगाम भरात असतो. दुपारी ग्रिडमधून भरा, रात्री वापरा. या व्यवहाराला नियमांचा आधारही आहे. केंद्राच्या २०२३ च्या दुरुस्ती नियमांनी ठरवले की सौर तासांतला दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी असावा आणि गर्दीच्या तासांत तो व्यापारी-औद्योगिक ग्राहकांना किमान १.२ पट, इतरांना १.१ पट असावा. शेती सोडून बाकी ग्राहकांना तो १ एप्रिल २०२५ पासून, अर्थात स्मार्ट मीटर बसल्यावर. गोव्याचे दर संयुक्त वीज नियामक आयोग ठरवतो. घरगुती दरातला ०.८ ते १.१ हा फरक बॅटरीचा खर्च काढायला पुरेसा नाही, हे मोकळेपणाने मान्य करावे. तिचा उरलेला मोबदला टळलेल्या तारांत, टळलेल्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरात आणि न गेलेल्या विजेत आहे. तो मोबदला मोजून आयोगापुढे ठेवणे हे वीज खात्याचे काम.

बिघाड कुठे होतो, हे आधी ठाऊक असेल तर निम्मे टळतात. गोव्यात तीन शत्रू: उष्णता, दमटपणा आणि मीठ. पत्र्याचे कपाट उन्हात ठेवले तर एप्रिलमध्ये आत ४५ अंश सहज होतात, आणि तापमान दहा अंशांनी चढले की बॅटरीचे आयुष्य निम्म्याच्या दिशेने घसरते, असा ढोबळ नियम आहे. म्हणून एसी लावतात, आणि मग दुसरी चूक होते. जुलैत बाहेर ३० अंश आणि ८५ टक्के दमटपणा असेल तर दवबिंदू, म्हणजे हवेतली वाफ पाणी होऊन बसते ते तापमान, २७ अंशांच्या वर असतो. कपाट २५ अंशांवर ठेवले आणि दाराचे रबर सैल असले, तर आत शिरणारी हवा थंड पत्र्यावर आणि प्रवाह नेणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर (बसबारवर) घाम सोडते. ते पाणी सेन्सरच्या तारांवर उतरते, इन्सुलेशनचा इशारा वाजतो आणि सगळी यंत्रणा बंद. दुरुस्तीला आलेला माणूस पावसात दार उघडतो आणि आणखी ओल आत घेतो. पावसाळ्यात कपाटाचे तापमान दवबिंदूच्या वर, २९-३० अंशांवर ठेवावे, आत ओल शोषणारी सोय असावी आणि दार उघडायचे तर आधी एसी बंद करून तासभर थांबावे. हा नियम दारावर मराठीत आणि कोंकणीत लिहून लावावा.

मिठासाठी किनाऱ्यापासून पाच-सहा किलोमीटरच्या पट्ट्यात रंग आयएसओ १२९४४ या गंजरोधक रंगांच्या मानकातल्या सी-५ वर्गाचा हवा आणि बोल्ट ३१६ जातीच्या स्टेनलेस स्टीलचे. ३०४ चे बोल्ट बार्देश-सासष्टीच्या किनाऱ्यावर दोन-तीन पावसांत तपकिरी डाग दाखवू लागतात. छपरावरच्या पॅनलांनाही हेच लागू. चौकट ॲल्युमिनियमची आणि आधार लोखंडाचा, त्यात खारे पाणी साचले की जोडावर गंज धरतो, म्हणून मध्ये प्लास्टिकची चकती घालावी. आणि माडाखाली पॅनल लावूच नये. प्रमाणित पॅनलाच्या काचेची कसोटी २५ मिलिमीटरच्या गारेची, ताशी ८० किलोमीटरच्या वेगाची असते. त्या धडकेत २ ज्यूल ऊर्जा असते. पंधरा मीटरवरून सुटलेला दीड किलोचा नारळ २२० ज्यूल घेऊन येतो. अशी पॅनले लावून देणारे विक्रेते आहेत आणि ग्राहकाला हे कोणी सांगत नाही, याचा राग येतो.

आर्थिंगचा मुद्दा वेगळा सांगतो, कारण त्यात फसगत ठरलेली. जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, जमीन पावसात वीज चांगली वाहते आणि मे महिन्यात जवळजवळ वाहतच नाही. काम संपल्यावर ऑगस्टमध्ये मोजणी करतात, मीटर तीन-चार ओहम दाखवतो, कागदावर सही होते. वळवाच्या विजा मात्र सत्तरी-सांग्यात एप्रिल-मेमध्ये कडाडतात, तेव्हा तीच आर्थिंग कितीतरी पट जास्त रोध दाखवते आणि विजेचा झटका अडवणारा सर्ज अरेस्टर असूनही इन्व्हर्टरचे कार्ड जळते. मोजणी मेच्या दुसऱ्या पंधरवड्यातच करावी. रोध जास्त आला तर खड्डा खोल करण्यापेक्षा एकापेक्षा जास्त खड्डे अंतर ठेवून जोडावेत आणि सळीभोवती ओल धरणारी बेंटोनाइट माती भरावी.

सगळ्यांत गंभीर भाग आता येतो. लोकांना बॅटरी हवी असते ती मुख्यतः वीज गेल्यावर दिवा लागावा म्हणून. जूनच्या पहिल्या वादळात माडाची झावळ ११ केव्हीच्या लाईनवर पडते आणि चार-सहा तास अंधार. साधे सौर इन्व्हर्टर अशा वेळी मुद्दाम बंद होतात. बॅटरी असलेला, बाहेरच्या विजेशिवाय स्वतःच व्होल्टेज उभे करणारा ‘ग्रिड फॉर्मिंग’ इन्व्हर्टर मात्र वाडा स्वतंत्रपणे चालवू शकतो. शकतो, पण दोन अटींवर.

पहिली अट, ट्रान्सफॉर्मर आणि वाडा यांच्यामधला ब्रेकर आधी उघडला पाहिजे. नाहीतर ट्रान्सफॉर्मर उलटा चालतो. खालून दिलेले ४३३ व्होल्ट वर ११,००० होतात, आणि लाईन मेलेली समजून खांबावर चढलेल्या लाईनमनच्या हातात ते जातात. घरगुती जनरेटर चुकीच्या पद्धतीने जोडल्यामुळे देशात असे अपघात झालेले आहेत.

दुसरी अट इंजिनिअरांच्याही नजरेतून सुटते. १०० केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरचा इम्पिडन्स, म्हणजे प्रवाहाला होणारा त्याचा स्वतःचा अडथळा, साडेचार टक्के असतो, म्हणून त्याच्यापाशी शॉर्टसर्किट झाले तर ३,००० अँपिअरच्या जवळ प्रवाह धावतो आणि फ्यूज क्षणात उडतो. ५० किलोवॉटचा इन्व्हर्टर पूर्ण भाराला ७० अँपिअर देतो आणि शॉर्टसर्किटमध्ये फार तर दीडपट, म्हणजे १०५. लाईनचा फ्यूज १०० किंवा १६० अँपिअरचा असेल तर तो उडणारच नाही किंवा खूप वेळ घेईल. तुटून कुंपणावर पडलेली तार जिवंत राहील. मूल किंवा जनावर तिला शिवले तर काय, हे लिहायची गरज नाही. म्हणून स्वतंत्र चालणाऱ्या वाड्यावर फ्यूजवर विसंबायचे नाही. व्होल्टेज पडले की निमिषात थांबणारे आणि जमिनीत गळणारा प्रवाह ओळखणारे संरक्षण हवे, आणि उघड्या तारांच्या जागी इन्सुलेशन असलेली बंच केबल हवी. केबल घातलेली नसेल तिथे बॅटरी फक्त ग्रिड चालू असताना चालवावी. अंधारात दिवा लागणार नाही म्हणून लोक नाराज होतील, पण हा हट्ट पुरवण्याजोगा नाही.

याच ठिकाणी विरोधी मत ऐकायला हवे. प्रत्येक घराने आपली पाच युनिटची बॅटरी का घेऊ नये? सोळा सेलचा, ५१.२ व्होल्ट आणि १०० अँपिअर-तासांचा पॅक आता दुकानात मिळतो. खांबापासून घरापर्यंतची तार तुटली तरी तो चालतो, जे सामायिक बॅटरीला जमत नाही. हा त्याचा खरा गुण आहे. पण साठ घरांचे तीनशे युनिट विकत घ्यावे लागतात, कारण प्रत्येकजण स्वतःच्या सर्वांत वाईट दिवसासाठी घेतो. एकत्र घेतले तर शंभर-सव्वाशेत भागते, कारण सगळ्यांचे मिक्सर एकाच क्षणी फिरत नाहीत. शिवाय ज्याला परवडते तोच घेतो. मंगळुरी कौलांच्या जुन्या घराला पॅनल बसवायचे तर कौलाखाली वाशाला हूक बांधावा लागतो, आणि वासा किडका असला तर ते शक्यच नसते. अशा घरातल्या माणसाने वाड्यातल्या सौरऊर्जेपासून दूर का राहावे? सामायिक बॅटरीत त्याचाही वाटा असतो. छप्पर नसलेल्या भाडेकरूचाही.

भाड्याच्या दुचाक्यांचा विचार याच हिशेबात यावा. कळंगुटच्या पट्ट्यात विजेवरच्या स्कूटर वाढतील तेव्हा त्या परत येतील संध्याकाळी सातला आणि लगेच चार्जिंगला लागतील. एका स्कूटरला तीन युनिट, चाळीस स्कूटरना १२०. हा भार नेमक्या जड तासात पडेल. रात्री बारानंतर चार्जिंगला सवलतीचा दर दिला तर तो आयोगाच्या एका आदेशाने हलतो, त्याला बॅटरीही लागत नाही.

हायड्रोजन, भरती-ओहोटी, समुद्रातल्या पवनचक्क्या यांवर गोव्यात भाषणे पुष्कळ होतात. पाण्यातून एक किलो हायड्रोजन काढायला ५० ते ५५ युनिट लागतात आणि फ्युएल सेलमधून परत मिळतात सोळा-सतरा. रात्रीच्या दिव्यासाठी हा मार्ग नाही. झुआरीनगरच्या खत कारखान्यासारख्या, अमोनियासाठी हायड्रोजन लागतोच अशा ठिकाणी त्याचा विचार व्हावा. मांडवीच्या मुखाशी उधाणाचा चढउतार दोन मीटरच्या आसपास, धरण बांधून वीज काढायला त्याच्या दुपटीहून अधिक लागतो. खाजनांच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांच्या, मानशी (पाणी आत-बाहेर सोडणारी दारे) ज्या चढउतारावर शतकानुशतके चालत आल्या, तो शेती राखायला पुरेसा आहे, टर्बाइनला नाही. समुद्री पवनऊर्जेसाठी केंद्राने २०२४ मध्ये मदत मंजूर केली ती गुजरात आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यांसाठी, आणि वाऱ्याचा नकाशा पाहता ते योग्यच.

मोठे सौरप्रकल्प लागतीलच, तेव्हा जागेचा प्रश्न येईल. सडे मेमध्ये उजाड दिसतात म्हणून त्यांना पडीक म्हणण्याची चूक होऊ नये. ऑगस्टमध्ये त्यांच्यावर फुलांचा गालिचा असतो आणि खालच्या गावांच्या झऱ्या त्यांच्याच मुरलेल्या पाण्यावर चालतात. खाजनेही नकोत. गोव्याकडे तिसरी जागा आहे: २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्यानंतर जे खंदक आणि डंप (खाणीतून काढलेल्या मातीचे ढीग) उरले, ते. तिथे रस्ते आहेत आणि जंगल आधीच गेलेले आहे. डंपच्या उतारावर पॅनल उभे करता येत नाही, पावसात माती सरकते. पाण्याने भरलेल्या खंदकांवर तरंगते पॅनल बसवता येते, मात्र दोरखंड कडेला बांधण्यापूर्वी ती कड ढासळत नाही ना, याची दोन पावसाळे नोंद ठेवावी लागेल. आणि खंदकातल्या पाण्यावर ज्यांच्या विहिरी-बागायती अवलंबून आहेत त्यांची संमती आधी, निविदा नंतर.

खरेदीची पद्धत बदलली नाही तर वरचे सगळे व्यर्थ. सरकारी खरेदीत वस्तू विकत घेतली जाते, नारळ फुटतो, आणि तीन वर्षांनी दोनशे रुपयांच्या पंख्यासाठी लाखोंचे यंत्र बंद असते. बॅटरी विकत घेऊ नये. संध्याकाळी सात ते अकरा दिलेले युनिट विकत घ्यावेत. करार बारा वर्षांचा, पैसे मीटरवरच्या आकड्याप्रमाणे, वर्षातले ९५ टक्के दिवस ती चालू नसेल तर कपात. दर मार्चमध्ये पूर्ण भरून पूर्ण भाराने रिकामी करून क्षमता मोजायची आणि तो आकडा पंचायतीच्या फलकावर लावायचा. सुटे भाग, म्हणजे एक इन्व्हर्टर मॉड्यूल, पंखे, कॉन्टॅक्टर आणि दोन बॅटरी मॉड्यूल, गोव्यातल्या गोदामात असावेत. मुंबईहून पार्सल येईपर्यंत चवथ (गणेशचतुर्थी) निघून जाते. इन्व्हर्टर घेताना डीसी, म्हणजे बॅटरीकडच्या एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेच्या, बाजूची व्होल्टेजची कक्षा रुंद मागावी, कारण पुढच्या दशकात सोडियम-आयन सेल स्वस्त झाले तर त्यांचे व्होल्टेज भरल्यापासून रिकामे होईपर्यंत खूप खाली-वर होते, आणि अरुंद कक्षेच्या इन्व्हर्टरला ते जोडता येणार नाहीत. जुनी बॅटरी परत नेण्याची जबाबदारी २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी उत्पादकावर टाकली आहे, ती करारात नावानिशी लिहावी.

सुरुवात तीन वाड्यांवरून व्हावी. एक किनाऱ्यालगत, एक फोंड्यासारख्या मधल्या पट्ट्यात, एक सत्तरीत. निवड करताना राजकीय मागणी न पाहता ट्रान्सफॉर्मरवरची वर्षभराची नोंद पाहावी, दर पंधरा मिनिटांची, तिन्ही फेजांची. ती नोंद घेणारे मीटर आधी एक पावसाळा लावून ठेवावेत. आयटीआयमधल्या इलेक्ट्रिशियनच्या अभ्यासक्रमात डीसीचे काम शिकवायला आत्ताच घ्यावे. ७०० व्होल्टच्या डीसीची ठिणगी घरातल्या एसी विजेच्या ठिणगीसारखी आपोआप विझत नाही, ती ओढत नेली तर लांबते. आणि प्रत्येक बॅटरीच्या बाहेर, पावसात उभे राहून दिसेल असा, पाती उघडी पडलेली डोळ्यांनी पाहता येईल असा आयसोलेटर, म्हणजे वीज तोडणारा हाताचा स्विच, असावा. कुलूप एक, चावी एक. काम चालू असेपर्यंत ती चावी खांबावर चढणाऱ्या लाईनमनच्या खिशात राहील.